एक जूनची माणसं

मंदाताईंनी पहिल्याच भेटीत मला नकार दिला. तोही अशा मधाळ आवाजात, की मी आधी "थँक्यू" म्हणालो आणि मग माझ्या लक्षात आलं की आपलं काम काही झालेलं नाही.

वडगाव मावळच्या पुढे, हायवेपासून जरा आत, एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे. लोणावळ्याला त्यांचा एक छोटा दवाखाना आहे, मळवलीला आणखी एक. तिन्हीकडे कर्मचाऱ्यांच्या वेगळ्या याद्या, वेगळे नंबर, वेगळे पासवर्ड. पुण्याच्या आमच्या लहानशा कंपनीने त्यांच्यासाठी एक वेब ॲप्लिकेशन तयार केलं होतं. प्रत्येक कर्मचाऱ्याची एकच ओळख आणि एकच कार्ड. त्या कार्डावर कॉम्प्युटर उघडणार, वॉर्डाचं दार उघडणार, औषधांची कपाटं आणि फ्रीजसुद्धा उघडणार. कुणी नोकरी सोडली की एका ठिकाणी नाव बंद करायचं, तिन्हीकडे बंद. हे सगळं हॉस्पिटलच्या सर्व्हरवर चढवून खऱ्या माणसांसाठी सुरू करून देणं हे माझं काम होतं, आणि त्या सर्व्हर रूमच्या प्रमुख होत्या मंदाताई.

मी म्हटलं, शनिवारी रात्री करून टाकू. आमच्या धंद्यात असली कामं रात्रीच करतात, वर्दळ नसते.

"रात्री नको हो सर," त्या म्हणाल्या. "मंगळवारी सकाळी अकराला करू या. डॉक्टरांचा राउंड झालेला असतो, सगळे जागे असतात. रात्री काही चुकलं, तर ते सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. तोवर पेशंटने काय करायचं?"

मला राग आला. पंधरा वर्षं मी हेच काम करत होतो. सुती साडीवर पुरुषी स्वेटर घातलेली, दोरी लावलेला चष्मा गळ्यात अडकवलेली ही बाई मला शिकवणार! स्वेटर का, ते सर्व्हर रूमच्या गार एसीत दहा मिनिटं बसल्यावर कळलं. मी शर्टाच्या बाह्या खाली ओढत बसलो होतो आणि त्या निवांत होत्या.

मंदाताई मूळच्या हॉस्पिटलच्या टेलिफोन ऑपरेटर. कान्हे गावच्या शेतकरी घरातल्या. रोज एक स्टेशन लोकलने यायच्या. एकोणीस वर्षं त्यांनी बोर्ड सांभाळला. मग फोन आपोआप लागायला लागले, बोर्ड भंगारात गेला, आणि सगळ्यांना वाटलं की आता मंदाताईही घरी जातील. त्या तळेगावात कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसल्या, आपल्या मुलीच्या वयाच्या पोरींच्या शेजारी. सर्व्हर दुरुस्त करायला येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरच्या मागे वही घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना विचारून विचारून भंडावून सोडलं. चार वर्षांनी सर्व्हर रूमची किल्ली त्यांच्याकडे आली. कुणी दिली असं नाही, त्यांच्याशिवाय ती कुणाला सापडायचीच नाही.

त्यांचे आवाज दोन होते. फोनवरचा आवाज स्वच्छ, पुणेरी, आकाशवाणीवर शोभला असता. आणि फोन ठेवला की दुसरा, कान्ह्याचा. माझ्याशी त्या बरेच दिवस फोनवरच्या आवाजात बोलत. मी त्यांना आपला वाटत नव्हतो, हे मला फार उशिरा उमगलं.

माणसं त्या आवाजावरून ओळखायच्या. एकदा माझ्यासमोरच फोन आला. पलीकडचा माणूस मोठ्या डॉक्टरांचं नाव सांगून म्हणाला, पासवर्ड विसरलो, लगेच नवा द्या. मंदाताईंनी गोड आवाजात "एक मिनिट हं सर" म्हटलं, फोनवर हात ठेवला आणि, बहुधा चुकून, दुसऱ्या आवाजात मला म्हणाल्या, "सायबांना दोन दिवस झालं सर्दी हाय. ह्याचं नाक मोकळं हाय." मग परत गोड आवाजात त्याला त्याच्या नाकाबद्दल विचारलं. त्याने फोन आपटला. आम्ही सहा महिने खपून, तीन प्रकारच्या पडताळण्या घालून जी ओळख पटवणार होतो, ती त्यांनी एका सर्दीवर पटवली. मी हसलो, पण मनातून थोडा खट्टू झालो.

"यूजर" हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. त्या "माणसं" म्हणत. किती यूजर नव्या यादीत आले, असं मी म्हणायचो. किती माणसं आली, असं त्या विचारायच्या. त्यांच्याकडे एक लांबुडकी वही होती. सर्व्हरला हात लावणाऱ्याने त्यात आधी आपलं नाव लिहायचं, मग काय करणार ते, आणि त्याच्याही आधी, काम फसलं तर मागे कसं यायचं ते. पायरी पायरीने, शाईने. मी म्हटलं, हे सगळं आमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. "कॉम्प्युटरच बंद पडला तर?" त्या म्हणाल्या. मी कुरकुरत मागे यायच्या अकरा पायऱ्या लिहिल्या. जुना सर्व्हर महिनाभर शेजारी चालूच ठेवायचा, ही अटही त्यांचीच.

नर्सना या कार्डाची धास्ती होती. किल्ली हातात असली की माणसाला धीर असतो, कार्ड लावल्यावर हिरव्या होणाऱ्या दिव्याचा काय भरवसा? सेक्रेटरी साहेबांनी, म्हणजे ट्रस्टचा कारभार पाहणाऱ्यांनी, सर्क्युलर काढलं. ते कुणी वाचलं नाही. मग मंदाताई स्वतः प्रत्येक वॉर्डात गेल्या. मी बरोबर होतो. लेबर वॉर्डात सुनीता नावाची नर्स होती, सडपातळ, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "ताई, ऐन वक्ताला कपाट उघडलं न्हाई तर बाई मरंल माज्या हातावर."

"उघडंल," मंदाताई म्हणाल्या. "तुमच्यातलं एक माणूस भाईर राहनार न्हाई. माजा शबुद हाय."

मला वाटलं, असा शब्द द्यायचा नसतो. आम्ही करारात असं कधीच लिहीत नाही. पण त्या बोलून गेल्या होत्या, आणि सुनीताने मान हलवली होती.

आता माझ्या चुकीकडे येतो. तिन्हीकडच्या याद्या एकत्र करायच्या तर एकच माणूस दोनदा येतो. मळवलीला दोन वर्षं काढून वडगावला आलेल्याचे दोन नंबर असतात. त्याला एक करायचं कसं? मधल्या नावाचा भरवसा नव्हता. बायकांचं मधलं नाव एका यादीत वडिलांचं, तर दुसरीत नवऱ्याचं. म्हणून तो रकाना मी सोडून दिला. नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच, असा नियम घातला. पुण्यात बसून, आमच्याच बनावट नावांवर तो तपासला. नीट चालला. मंदाताईंनाही तो नियम मी सांगितला होता.

शुक्रवारी खऱ्या यादीचा कागद घेऊन आम्ही दोघं बसलो होतो. पान उलटता उलटता मला दिसलं की जन्मतारखेच्या रकान्यात जिकडे तिकडे एक जून आहे. मला गंमत वाटली. मी म्हणालो, "काय हो मंदाताई, तुमच्या मावळात सगळे एक जूनलाच जन्माला येतात का? काही स्कीम असते वाटतं त्या दिवशी!"

मंदाताई हसल्या. मग त्यांचं बोट पानावर एका जागी थांबलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही, सर. चष्म्यावर वाफ आली." आवाज फोनवरचा होता. मी पान उलटलं.

मंगळवारी अकराला आम्ही सुरुवात केली. गुरुवारी उद्घाटनाचा कार्यक्रम होता. त्याची तयारी बघायला सेक्रेटरी साहेब लोणावळ्याला गेले होते, आणि जायच्या आधी औषधांच्या कपाटांच्या सगळ्या जुन्या किल्ल्या गोळा करून आपल्या केबिनमध्ये कुलूपबंद करून गेले होते. अकरा वीसला नवी यादी चालू झाली. वॉर्डावॉर्डातून फोन येऊ लागले, उघडलं, उघडलं. मंदाताई वहीत खुणा करत होत्या. लेबर वॉर्डातूनही आला. पावणेबाराला माझ्या जिवात जीव आला आणि मी चहा मागवला.

बाराला पाच कमी असताना अंतर्गत फोन वाजला. मंदाताईंनी उचलला. पलीकडचं ओरडणं मला खुर्चीत बसल्या जागी ऐकू येत होतं. सुनीता होती. एका बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. ट्रेमधली इंजेक्शनं वापरून झाली होती. पुढची फ्रीजमध्ये होती आणि फ्रीजचा दिवा लाल होता. अर्ध्या तासापूर्वी याच कार्डावर हाच फ्रीज उघडला होता. आता तीनदा कार्ड लावलं, तीनदा लाल.

"दुसरी कोन हाय का वॉर्डात? न्हाई? डॉक्टरांचं कार्ड? वरच्या मजल्यावर? बरं, आईक. बाईजवळून हलू नगंस. मी ऑपरेशन थिएटरातनं पाटवते." त्यांनी फोन ठेवला नाही, दुसऱ्या हाताने दुसरा उचलला. "थिएटर? मंदा बोलते. रक्त थांबायचं इंजेक्शन, हाय तेवडं, लेबरला. पळत. नाव मागनं लिवा."

मी तोवर पडद्यावर सुनीताचं नाव काढलं होतं. समोर लिहिलं होतं: नोकरी सोडली. बंद केल्याची वेळ अकरा पन्नास. लोणावळ्याच्या दवाखान्यातून.

"लोनावळ्याची सुनीता," मंदाताई पुटपुटल्या. "ती आज सोडून गेली. तिचं बी आडनाव त्येच. तारीख बी..." आणि त्यांनी डोळे मिटले.

माझ्या नियमाने दोन बायकांची एक बाई केली होती. लोणावळ्याच्या क्लार्कने तिथली बंद केली आणि इथली बंद झाली. आणि पानभर एक जून होते. अशी आणखी किती माणसं एकमेकांत मिसळली असतील, कुणाचं कार्ड कुठल्या क्षणी मरेल, ते मला सांगता येत नव्हतं.

"मी हिचं एकटीचं चालू करून देतो," मी म्हणालो. "दोन मिनिटं."

"आन् बाकीची? मागं फीर."

"मंदाताई, एका माणसासाठी सगळं मागे घ्यायचं? मागे जाताना दहा मिनिटं कुणाचंच कार्ड चालणार नाही."

"केदार," त्या म्हणाल्या. त्याआधी मी नेहमी सर होतो. "मागं फीर म्हनलं ना."

मग त्यांनी हॉस्पिटलभर ऐकू जाणाऱ्या स्पीकरचा माईक ओढला, आणि त्या खोलीत तो फोनवरचा आवाज आला, स्वच्छ, जराही न कापणारा. "सर्व विभागांनी लक्ष द्यावं. दहा मिनिटं कार्ड चालणार नाहीत. औषधांची सगळी कपाटं, सगळे फ्रीज आत्ता उघडा. उघडेच ठेवा. प्रत्येकासमोर एक माणूस उभा करा. झालं की मला कळवा." फोन वाजत गेले. प्रत्येकाला त्या एकच गोष्ट विचारत, "उघडा हाय?" लेबरचा फ्रीज तेवढा बंद राहिला, पण तिथे थिएटरातली इंजेक्शनं पोचली होती. शेवटचा फोन आल्यावरच त्यांनी वही उघडली आणि मला पायऱ्या वाचून दाखवायला लागल्या.

माझी बोटं चुकत होती. तिसऱ्या पायरीला मी चुकीचं अक्षर दाबलं, सातव्याला परत. त्या रागावल्या नाहीत, पायरी पुन्हा पहिल्यापासून वाचली, तेवढ्याच सावकाश. सर्व्हर रूमच्या त्या गारठ्यात माझी पाठ भिजली होती. पण लेबर वॉर्डाचा फोन अजून टेबलावर उघडा पडला होता आणि त्यातून कुणीतरी "धर, धर, पाय वर धर" म्हणत होतं. आम्ही दोघंही ते ऐकत होतो. अकरावी पायरी संपली तेव्हा बारा वाजून नऊ मिनिटं झाली होती. जुनी यादी चालू झाली. मंदाताईंनी फोन कानाला लावला.

"थांबलं," त्या म्हणाल्या. "जगंल म्हनत्यात." आणि स्वेटरची बाही डोळ्यांवर ओढून बसून राहिल्या.

दुपारी दोनला नर्सची पाळी बदलते, तेव्हा त्यांच्या खोलीत दोन्ही पाळ्या एकत्र असतात. मंदाताई तिथे गेल्या. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी मागे गेलो आणि दारातच थांबलो.

"मी कान्ह्याची," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "माजी बी तारीख एक जून. आई म्हनायची, भात लावत हुते तवा झालीस. साल तिलाबी ठावं न्हवतं. साळंत नाव घालताना गुर्जींनी एक जून टाकली. तुमची बी तशीच. यादीत पानभर एक जून बगून मला शुक्रवारीच कळलं हुतं, ह्ये घोळ घालनार. पन शेहरातल्या मान्सापुडं सांगायची लाज वाटली. आमास्नी आमची जल्मतारीख ठाव न्हाई, ह्ये कसं म्हनायचं? म्हून गप बसले. बाकी काय न्हाई."

माझ्या विनोदाचं नाव त्यांनी काढलं नाही. मी दारात होतो, मी ते सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. दोन दिवसांनी सेक्रेटरी साहेबांना ईमेल लिहून नियम माझा होता हे कबूल केलं. तोंडाने बोलायची हिंमत झाली नाही, याची मला आजही शरम वाटते.

सुनीता भिंतीला टेकून उभी होती. तिच्या बाहीवर डाग तसेच होते. ती म्हणाली, "लाज तुमची, ताई. आन् हात माजे कापत हुते तितं." पिशवी उचलून ती निघून गेली.

उद्घाटन पुढे ढकललं. सेक्रेटरी साहेब खवळले, पण मंदाताईंनी वहीतलं त्या मंगळवारचं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि ते वाचून त्यांनी नवी तारीख मान्य केली. आता दोन माणसं वेगळी ओळखायची कशी? ते मंदाताईंनीच सांगितलं. आईचं नाव. ते लग्नाने बदलत नाही. एक जूनच्या शंभरावर माणसांना त्यांनी आठवडाभर एकेक फोन केला. "आईचं नाव सांग," म्हणायच्या. एक वॉर्डबॉय म्हणाला, ताई, कशाला, ती जाऊन बारा वर्सं झाली. त्या म्हणाल्या, "तरी नाव हायच की तिचं." सुनीताने फोनवर "ठकूबाई" एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मंदाताई तिची पाळी कोणती, ते दुसऱ्यांकडून विचारून घ्यायच्या.

पुन्हा मंगळवार, पुन्हा अकरा. मी वहीत पायऱ्या लिहिल्या, या वेळी न कुरकुरता. मंदाताईंनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "तुमी करा. मी तितं हुबी राहते," म्हणाल्या आणि लेबर वॉर्डात जाऊन फ्रीजपाशी यादी घेऊन उभ्या राहिल्या. मी सुरू केलं. फोनवरून त्यांनी कळवलं, सुनीताचा दिवा हिरवा लागला. आणखी काही बोलली का, असं मी विचारलं. "न्हाई. उघडलं, लावलं, गेली," त्या म्हणाल्या.

एकदा उघडलं एवढ्यावर त्या समाधान मानणार नव्हत्या. गेल्या वेळीही एकदा उघडलंच होतं. सकाळच्या पाळीतली आणि दुपारच्या पाळीतली प्रत्येक नर्सने दर तासाला एकदा कार्ड लावून बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. साडेचारला माझं काम संपलं. पुढचं काम आमच्या कंपनीतल्या दुसऱ्या माणसाकडे जाणार होतं. मी नंतर त्या हॉस्पिटलात गेलो नाही, आणि मंदाताई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्याचं मला त्याच्याकडूनच समजलं. पण त्या दिवशी निरोप घ्यावा, आणि जमलं तर त्या शुक्रवारच्या बोलण्याबद्दल माफी मागावी, म्हणून मी लेबर वॉर्डाच्या काचेच्या दारापर्यंत गेलो.

मंदाताई फ्रीजशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. सकाळपासून तिथेच. पाय सुजले असावेत, चपला काढून ठेवल्या होत्या. सुनीताची पाळी दोनला संपली होती, तरी ती गेलेली नव्हती. घरच्या साडीत, खांद्याला पिशवी लावून समोर उभी होती. तिने पिशवीतून डबा काढला, भाकरी मोडून त्यावर पिठलं घातलं आणि मंदाताईंपुढे धरली. मंदाताईंनी यादीवरून नजर न काढता मान हलवून नको म्हटलं.

"द्या ती यादी हिकडं," सुनीता म्हणाली. "तुमी खावा. म्या बगते."

मंदाताईंनी वर पाहिलं. यादी आणि पेन तिच्या हातात दिलं. मग भाकरी घेतली. सुनीता फ्रीजपाशी उभी राहिली आणि आत येणाऱ्या नर्सला म्हणाली, "ये गं, कार्ड लाव."

मी दारावर टकटक करायला हात उचलला होता. तो खाली घेतला आणि जिना उतरून आलो.